कंपाइलरला बोलतं करताना

मे २०२० मध्ये जीसीसी या कंपाइलरची दहावी आवृत्ती आली आणि त्यानंतर लिनक्स कर्नलच्या जुन्या आवृत्त्या बांधणाऱ्या पुष्कळ लोकांचं काम एकाच जागी अडलं. कोडमधलं अक्षरही बदललेलं नव्हतं. तोच कर्नल, तेच यंत्र. फक्त मधल्या काळात ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत झाली होती आणि तिच्याबरोबर नवा कंपाइलर आला होता. बिल्ड सुरू व्हायचा, लगेच थांबायचा आणि पडद्यावर तक्रार यायची: ‘वायवायएललॉक’ या नावाची व्याख्या एकापेक्षा जास्त ठिकाणी आहे. हे नाव मुळात कर्नलच्या गाभ्यातलं नव्हतंच. हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलींचं रूपांतर करणारा ‘डीटीसी’ नावाचा एक छोटा सहायक प्रोग्रॅम कर्नलबरोबर बांधला जातो, त्यातलं ते होतं. ज्यांना कर्नल हवा होता, त्यांच्यापैकी अनेकांनी डीटीसीचं नावही ऐकलेलं नव्हतं.

अशा वेळी माणसं काय करतात, हे कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीत पाहायला मिळतं. एररची ओळ जशीच्या तशी सर्च इंजिनात टाकायची, पहिल्या उत्तरात सांगितलेला बदल करून पाहायचा, तो लागू पडला नाही तर दुसरा, आणि शेवटी सगळं पुसून नव्यानं इन्स्टॉल करायचं. कधी यश येतंही. पण नेमकं काय बिघडलं होतं ते कळलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खेदाची गोष्ट अशी की ज्याला विचारायला हवं, तो कंपाइलर समोरच असतो. कोणती फाइल कुठून उचलली, कोणत्या क्रमानं काय चालवलं, कोणतं नाव कुठे सापडलं, याचा सगळा हिशेब द्यायला तो तयार असतो. तो मागायचा कमांड-लाइन ऑप्शनमधून, ज्यांना बोलण्यात सर्रास ‘फ्लॅग’ म्हणतात. कंपाइलरच्या नावापुढे एक डॅश द्यायचा आणि त्याला चिकटून अक्षर किंवा शब्द लिहायचा. अक्षर लहान की मोठं, याकडे मात्र बारीक लक्ष हवं: डॅश स्मॉल ओ तयार होणाऱ्या फाइलला नाव देतो, तर डॅश कॅपिटल ओ ऑप्टिमायझेशनची पातळी ठरवतो.

जीसीसी हा एकच प्रोग्रॅम आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. पण टर्मिनलवर आपण टाइप करतो ती ‘जीसीसी’ कमांड स्वतः भाषांतर करत नाही. ती मुकादमासारखी कामं वाटून देते. प्रीप्रोसेसिंग आणि सी भाषेचं असेंब्लीत रूपांतर हे काम ‘सीसीवन’ नावाचा प्रोग्रॅम करतो. असेंब्लीचं यंत्रभाषेत रूपांतर असेंब्लर करतो आणि सगळे तुकडे जोडून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं हे लिंकरचं काम. बिल्ड फेल होतो तेव्हा यातलं कोणीतरी एक थांबलेलं असतं, आणि कोण थांबलं हे कळलं की शोधाचा परिसर एकदम लहान होतो. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असं वाचायला मिळालं तर तो लिंकरचा आवाज आहे. त्या क्षणी हेडर फाइलमधल्या कंसांची तपासणी करत बसणं व्यर्थ. हेडर सापडत नाही अशी तक्रार असेल तर लिंकरपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही.

डॅश व्ही हा ऑप्शन मुकादमानं दिलेली प्रत्येक आज्ञा पडद्यावर उमटवतो. त्याचा जुळा भाऊ म्हणजे डॅश आणि त्याला जोडून तीन हॅश: तोही सगळ्या आज्ञा दाखवतो, पण एकही चालवत नाही. बिल्डला हात न लावता तो कसा होणार आहे ते पाहायचं असेल तेव्हा हा दुसरा उपयोगी.

पण त्याही आधीची एक पायरी बरेच जण गाळतात. आजकाल कंपाइलरला कोणी थेट हाक मारत नाही; मध्ये मेक, सीमेक, निन्जा यांच्यासारखी साधनं असतात आणि पडदा स्वच्छ राहावा म्हणून ती खरी कमांड लपवतात. लिनक्स कर्नल बांधताना फक्त ‘सीसी’ आणि फाइलचं नाव दिसतं. ‘मेक’पुढे ‘व्ही बरोबर १’ लिहिलं की पूर्ण कमांड दिसू लागते. सीमेकनं तयार केलेल्या मेकफाइलसाठी ‘व्हर्बोस बरोबर १’, तर निन्जासाठी डॅश व्ही. कोणत्याही निदानाची सुरुवात इथूनच व्हायला हवी. आपण सेटिंग फाइलमध्ये लिहिलेला फ्लॅग कंपाइलरपर्यंत पोचलाच नाही, असं या पायरीवर वारंवार उघडकीला येतं, आणि तसं असेल तर पुढचं काही तपासायची गरजच उरत नाही.

डॅश व्हीच्या लांबलचक उत्तरात एक भाग सोन्याच्या मोलाचा असतो. ‘शोध इथून सुरू’ अशा अर्थाच्या ओळीखाली, हेडर फाइली कोणकोणत्या फोल्डरांत आणि कोणत्या क्रमानं शोधल्या जातील त्याची यादी येते. शोध वरून खाली चालतो आणि पहिली सापडलेली फाइल जिंकते. लिनक्सवर या यादीत ‘यूएसआर लोकल इन्क्लूड’ हे फोल्डर ‘यूएसआर इन्क्लूड’च्या आधी असतं. कोणी तरी तीन वर्षांपूर्वी एखादी लायब्ररी हातानं इन्स्टॉल केली असेल, तर तिचे जुने हेडर त्या पहिल्या फोल्डरात पडून असतात. पुढे पॅकेज मॅनेजरनं तीच लायब्ररी नव्या रूपात दुसऱ्या फोल्डरात आणली, तरी कंपाइलर जुनेच हेडर वाचत राहतो. ‘हे फंक्शन तर कागदपत्रांत आहे, मग कंपाइलरला का दिसत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा एवढंच असतं. ‘सीपाथ’ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जुन्या कुठल्याशा स्क्रिप्टमध्ये भरून ठेवलेला असेल, तर त्यातलं फोल्डरही याच यादीत डोकं वर काढतं. जे फोल्डर अस्तित्वातच नाही त्याकडे दुर्लक्ष केल्याची नोंदही इथे मिळते. पाथमध्ये टायपिंगची चूक झाली असेल तर ती इथे पकडली जाते.

सी आणि सी प्लस प्लसमधल्या सर्वांत चक्रावणाऱ्या एररचा उगम मात्र प्रीप्रोसेसरमध्ये असतो. कारण आपण लिहिलेला मजकूर कंपाइलर वाचतच नाही. प्रत्येक इन्क्लूडच्या जागी अख्खी हेडर फाइल आणि प्रत्येक मॅक्रोच्या जागी त्याचा विस्तार घातल्यावर जो मजकूर उरतो, तो वाचला जातो. नवशिक्याचा पाच ओळींचा प्रोग्रॅमसुद्धा यामुळे शेकडो ओळींचा होतो. डॅश कॅपिटल ई हा ऑप्शन कंपाइलरला इथेच थांबवतो आणि तो विस्तारलेला मजकूर जसाच्या तसा आपल्यापुढे ठेवतो.

याचा एक बोधक दाखला ‘मेजर’ आणि ‘मायनर’ या दोन साध्या शब्दांचा आहे. लिनक्सवर डिव्हाइस क्रमांकाचे दोन भाग वेगळे करण्यासाठी या नावांचे मॅक्रो होते, आणि जीलिबसी या मूलभूत लायब्ररीतला ‘सिस टाइप्स’ हा अतिशय सामान्य हेडर ते गुपचूप आत आणत असे. आता एखाद्यानं सी प्लस प्लसमध्ये सॉफ्टवेअरची आवृत्ती साठवणारा क्लास लिहिला आणि त्यात ‘मेजर’ व ‘मायनर’ अशी नावं ठेवली, जी ठेवणं अगदी स्वाभाविक आहे, तर कंपाइलर म्हणायचा की या क्लासमध्ये ‘जीएनयू डेव्ह मेजर’ नावाचा कोणताही घटक नाही. लिहिणाऱ्यानं हा शब्द उभ्या आयुष्यात टाइप केलेला नसायचा. डोळ्यांसमोरच्या कोडमध्ये तो नव्हताच. डॅश कॅपिटल ई लावून विस्तारलेला मजकूर पाहिला की लगेच दिसायचं: आपल्या ‘मेजर’च्या जागी मॅक्रोनं दुसरंच नाव बसवलं आहे.

जीलिबसीच्या विकासकांनी फेब्रुवारी २०१७ च्या २.२५ या आवृत्तीत ही सवय मोडीत काढायची सूचना दिली आणि ऑगस्ट २०१८ च्या २.२८ मध्ये ते मॅक्रो त्या हेडरमधून काढून टाकले. मग उलट्या बाजूनं बिल्ड फेल होऊ लागले. जे प्रोग्रॅम खरोखरच डिव्हाइस क्रमांकासाठी ‘मेजर’ वापरत होते, पण त्यासाठीचा ‘सिस सिसमॅक्रोज’ हा योग्य हेडर घेत नव्हते, त्यांच्यात आता मॅक्रो उरला नाही. त्या काळातला सी कंपाइलर ‘मेजर’ हे कुठेतरी असलेलं फंक्शन असेल असं गृहीत धरून पुढे जायचा आणि शेवटी लिंकर सांगायचा की या नावाचं काही सापडलं नाही. तक्रार लिंकरची, दोष हेडरचा. एरर जिथे उमटतो तिथेच बिघाड असतो असं नाही, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

इथे डॅश कॅपिटल एच कामी येतो. वाचल्या गेलेल्या प्रत्येक हेडरचं नाव तो छापतो आणि नावाआधी टिंबं देतो: एक टिंब म्हणजे तो हेडर आपण स्वतः घेतला, दोन टिंबं म्हणजे आपल्या हेडरनं घेतला, याप्रमाणे पुढे. कोणता हेडर कोणामार्फत आत आला त्याची वंशावळच हाती येते. जुन्या आणि नव्या यंत्रावरच्या अशा दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की गायब झालेला हेडर उठून दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरमध्ये हेच काम ‘शोइन्क्लूड्स’ नावाचा ऑप्शन करतो, आणि विस्तारलेला मजकूर स्लॅश कॅपिटल पी वेगळ्या फाइलमध्ये काढून देतो. विंडोजवर त्याची गरजही तितकीच असते, कारण तिथला ‘विंडोज’ हा मुख्य हेडर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ नावाचे मॅक्रो आणतो आणि सी प्लस प्लसच्या प्रमाणित लायब्ररीतल्या त्याच नावाच्या फंक्शनांचा चुराडा करतो. ‘नोमिनमॅक्स’ हा शब्द आधी डिफाइन केला की ते मॅक्रो येत नाहीत.

काही मॅक्रो तर कोणताही हेडर न घेता कंपाइलर स्वतःच देतो. डॅश कॅपिटल ई आणि डॅश स्मॉल डी कॅपिटल एम हे दोन ऑप्शन लावून रिकामी फाइल दिली, तर अशा शेकडो मॅक्रोंची यादी मिळते. लिनक्सवर त्यात चक्क ‘लिनक्स’ आणि ‘युनिक्स’ हे शब्द असतात, दोघांचीही किंमत १. म्हणजे ‘लिनक्स’ नावाचा व्हेरिएबल घोषित केला तर कंपाइलरला तिथे नावाऐवजी आकडा दिसतो आणि तो अडतो. भाषेचं काटेकोर प्रमाण पाळायला सांगणारा ऑप्शन दिला, उदाहरणार्थ ‘जीएनयू११’ऐवजी ‘सी११’, की हे दोन्ही शब्द यादीतून जातात आणि तोच कोड बिनबोभाट चालतो. बेल लॅब्सच्या डेव्हिड कॉर्न यांनी १९८७ मध्ये दुर्बोध सी कोडच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उत्कृष्ट एका ओळीच्या प्रोग्रॅमचं बक्षीस मिळवलं, ते याच ‘युनिक्स’ मॅक्रोच्या जोरावर. ज्या कंपाइलरमध्ये हा मॅक्रो नाही, तिथे तो प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही.

आता लिंकर. सुरुवातीला सांगितलेल्या कर्नलच्या बिल्डमध्ये थांबलेला तोच होता.

सी भाषेत फंक्शनच्या बाहेर, किंमत न देता एखादा व्हेरिएबल लिहिला, तर ती घोषणा आहे की व्याख्या, हे थोडं संदिग्ध राहतं. जुना जीसीसी असे व्हेरिएबल ‘कॉमन’ नावाच्या भागात ठेवायचा आणि लिंकर एकाच नावाचे सगळे तिथे एकत्र करून टाकायचा. ही रीत फोरट्रानच्या जमान्यातली. जीसीसी १० नं ती डीफॉल्ट राहू दिली नाही. प्रत्येक ठिकाणची ओळ स्वतंत्र व्याख्या ठरू लागली. डीटीसीमध्ये ‘वायवायएललॉक’ एकदा हातानं लिहिलेल्या लेक्सरच्या फाइलमध्ये होता आणि एकदा आपोआप तयार होणाऱ्या पार्सरच्या फाइलमध्ये. वर्षानुवर्षं दबून राहिलेली दुबार नोंद एका डीफॉल्टच्या बदलानं उघडी पडली.

निदान पक्कं करायला इथे एकच ऑप्शन पुरतो: डॅश एफकॉमन. तो दिला की जुनी रीत परत येते. त्यानं बिल्ड पार पडला तर रोग कोणता ते सिद्ध झालं. हा ऑप्शन कायमचा ठेवून देण्याचा मोह अनेकांना झाला, आणि घाईच्या कामात तो समजण्यासारखा आहे; पण इथे त्याची जागा चाचणीची आहे, उपचाराची नव्हे. खरी दुरुस्ती म्हणजे लेक्सरमधली ती अनावश्यक ओळ काढणं, आणि कर्नलमध्ये नेमकं तेच केलं गेलं.

कोणत्या दोन फाइलींत भांडण आहे हे एररमधून कळलं नाही, तर लिंकरला थेट प्रश्न करता येतो. डॅश कॅपिटल डब्ल्यू स्मॉल एल आणि स्वल्पविराम लिहून त्यापुढे दिलेला ऑप्शन जीसीसी न वाचता लिंकरच्या हाती सोपवतो. ‘ट्रेस’ दिला तर लिंकरनं उघडलेल्या प्रत्येक फाइलचं नाव येतं. ‘ट्रेस सिम्बॉल’ आणि पुढे एखादं नाव दिलं, तर ते नाव कोणत्या फाइलमध्ये मागितलं गेलं आणि कोणत्या फाइलमध्ये त्याची व्याख्या आहे, तेवढंच छापलं जातं. मोठ्या प्रकल्पात, जिथे पन्नास लायब्ररी एकत्र येतात, तिथे हा दुसरा ऑप्शन ज्याला ठाऊक आहे त्याचे दिवस वाचतात.

लिंकरच्या बाबतीत क्रमाचंही महत्त्व आहे. तो डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि स्टॅटिक लायब्ररीतून फक्त तोवर मागितलेल्या गोष्टी उचलतो. म्हणून लायब्ररीचं नाव तिला वापरणाऱ्या फाइलच्या नंतर यायला हवं. गणिताची लायब्ररी जोडायला विसरलेल्या विद्यार्थ्याला इथे एक विचित्र अनुभव येतो. वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनला थेट ४ हा आकडा दिला तर प्रोग्रॅम तयार होतो, आणि व्हेरिएबल दिला तर लिंकर तक्रार करतो. कारण स्थिर आकड्याचं वर्गमूळ जीसीसी कंपाइल करतानाच काढून ठेवतो, लायब्ररीची गरजच उरत नाही. डॅश कॅपिटल एस देऊन असेंब्ली पाहिली की वर्गमूळाच्या फंक्शनला हाक मारलेलीच नाही, हे डोळ्यांनी दिसतं.

सी प्लस प्लसच्या जगात याहून गहन घोळ एप्रिल २०१५ मध्ये जीसीसी ५ बरोबर आला. २०११ च्या प्रमाणानं स्ट्रिंगच्या जुन्या अंतर्गत रचनेला मनाई केली होती, म्हणून लायब्ररीत नवी रचना आली आणि दोन्हींची गल्लत होऊ नये यासाठी नवीच्या नावात ‘सीएक्सएक्स११’ हा तुकडा घातला गेला. परिणाम असा की एक लायब्ररी जुन्या पद्धतीनं आणि आपला कोड नव्या पद्धतीनं कंपाइल झाला असेल, तर फंक्शन तिथे असूनही लिंकरला सापडत नाही. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’च्या ओळीत हा तुकडा दिसला, की लायब्ररी जोडलीच नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या साधनाची सी प्लस प्लस लायब्ररी बराच काळ दोन वेगळ्या रूपांत डाउनलोडला ठेवलेली असायची, ती याच कारणानं. नवी की जुनी रचना वापरायची हे ठरवणाऱ्या मॅक्रोला कमांड-लाइनवरून शून्य किंमत देऊन एकदा बिल्ड केला की शंका फिटते.

सर्वांत घातक बिघाड मात्र एरर न देणारा. मे २०२४ च्या जीसीसी १४ नं, घोषणा न केलेलं फंक्शन वापरणं हा थेट एरर ठरवला. सी भाषेच्या प्रमाणानं ही मुभा १९९९ मध्येच काढून घेतली होती. कंपाइलर तोवर वॉर्निंगवर भागवत आले होते. हा कडकपणा योग्यच म्हणायला हवा, कारण अशा फंक्शनचं उत्तर पूर्णांक आहे असं धरलं जायचं आणि ६४ बिटच्या यंत्रावर पॉइंटर अर्धा कापला जायचा. पण अनेक जुन्या प्रकल्पांत ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट असते. ती छोटे छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून पाहते आणि जमलं नाही तर ‘ही सोय या यंत्रावर नाही’ असं ठरवते. त्या चाचणी-प्रोग्रॅममध्येच घोषणा नसेल, तर नवा कंपाइलर तो नाकारतो, स्क्रिप्ट ती सोय बंद करते, आणि बिल्ड पार पडतो, एका अंगानं लुळा. अशा वेळी ‘कॉन्फिग डॉट लॉग’ ही फाइल उघडावी. प्रत्येक चाचणीची कमांड आणि कंपाइलरचं उत्तर तीत शब्दशः असतं. फेडोरा लिनक्सच्या लोकांनी आपली पॅकेजं सीच्या या नव्या कडकपणासाठी तयार करताना जी मेहनत घेतली, तिच्यात अशा मूक अपयशांचा शोध हा मोठा भाग होता.

याहून खोल उतरायचं असेल तर जीसीसी आपल्या आतल्या प्रत्येक टप्प्याची नोंदही काढून देतो. डॅश एफडम्प ट्री ऑल हा ऑप्शन एका छोट्या फाइलसाठी डझनावारी नोंदफाइली तयार करतो आणि कोड टप्प्याटप्प्यानं कसा बदलत गेला ते दाखवतो. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकारानं जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं. तिथल्या कार्यशाळांत लाखो ओळींचा जीसीसी शिकवायला याच वाटेनं सुरुवात व्हायची: आधी सोर्स कोड न उघडता, ऑप्शनांनी बाहेर काढलेल्या नोंदी वाचत आतल्या कामाचा अंदाज बांधायचा. ‘ग्रे बॉक्स प्रोबिंग’ असं त्या पद्धतीला तिथे म्हणत. एवढ्या अवाढव्य प्रोग्रॅममध्ये विद्यार्थ्यांना शिरवण्याचा हा मार्ग फार विचारपूर्वक निवडलेला आहे.

बिल्ड फेल होत नाही पण संपतही नाही, हे दुखणं वेगळं. त्यासाठी क्लँग या दुसऱ्या कंपाइलरच्या सप्टेंबर २०१९ मधल्या नवव्या आवृत्तीत अरास प्रान्स्केव्हिचियस या गेम-इंजिन क्षेत्रातल्या प्रोग्रामरच्या प्रयत्नांतून डॅश एफटाइम ट्रेस हा ऑप्शन आला. कोणत्या हेडरनं आणि कोणत्या टेम्प्लेटनं किती वेळ खाल्ला, त्याचा आलेख क्रोम ब्राउझरमध्ये पाहता येईल अशी फाइल तो तयार करतो.

शेवटी, स्वतःचे प्रयत्न थकले आणि दुसऱ्याला विचारायची वेळ आली, तर काय द्यावं, याचं उत्तर जीसीसीच्या प्रकल्पानं लिहूनच ठेवलं आहे. तक्रार करणाऱ्याकडून तिथे कंपाइलरची नेमकी आवृत्ती, यंत्राचा प्रकार, कंपाइलर कोणत्या ऑप्शननं बांधला होता ती माहिती, चालवलेली संपूर्ण कमांड, कंपाइलरनं दिलेला पूर्ण मजकूर आणि प्रीप्रोसेस झालेली फाइल अशी सामग्री मागितली जाते. डॅश व्ही आणि डॅश सेव्ह टेम्प्स हे दोन ऑप्शन लावून तोच बिल्ड एकदा पुन्हा चालवला की यातलं जवळपास सगळं हाती येतं. दुसऱ्या ऑप्शनमुळे मधल्या टप्प्यांच्या फाइली पुसल्या न जाता शिल्लक राहतात. सहकाऱ्याला एररच्या एका ओळीचा फोटो पाठवण्याऐवजी ही सामग्री पाठवा, आणि पाठवण्यापूर्वी ती स्वतः एकदा वरपासून खालपर्यंत वाचा.